परदेशाहून आणायचे काय?

पुण्यातील मध्यमवर्गीय कुटुंबांना परदेशवारीचे अप्रूप आता राहिलेले नाही. हिंजवडीतल्या कंपनीने मुलाला किंवा सुनेला सहा महिन्यांसाठी टोकियोला धाडले, ही बातमी शेजारी फार तर चहाच्या कपाबरोबर ऐकतात. जपानशी तर या शहराचे नाते जुने आहे. रानडे इन्स्टिट्यूटमधून जपानी शिकून बाहेर पडलेल्या पिढ्या इथे आहेत. सिंहगड रस्त्यावर ओकायामाच्या कोराकुएन उद्यानाच्या धर्तीवर उभे राहिलेले पु. ल. देशपांडे उद्यान आहे.

प्रवासी परततो, आप्तेष्ट जमतात, छायाचित्रे दाखवली जातात. मिनिटाचा काटा न चुकवणाऱ्या आगगाड्या, आपले वर्ग स्वतः झाडणारी शाळकरी मुले, कचरा खिशात घालून घरी नेणारी माणसे यांचे वर्णन रंगते. मग बैठकीत हमखास दोन सूर उमटतात. एक म्हणतो, "आपल्याकडे हे सात जन्मांत व्हायचे नाही." दुसरा म्हणतो, "त्यात नवल ते काय? आपल्या पूर्वजांनी हे सारे केव्हाच सांगून ठेवले आहे." पहिल्या सुरात न्यूनगंड आहे, दुसऱ्यात पोकळ अभिमान. वरवर परस्परविरोधी भासणाऱ्या या दोन्ही सुरांचा परिणाम मात्र एकच होतो: ऐकणाऱ्यावर काही करण्याची जबाबदारी राहत नाही.

याच पुण्यातून एक गृहस्थ १९२९ साली, वयाची सत्तरी गाठल्यावर, कामासाठी जगप्रवासाला निघाले होते. त्यांचे नाव धोंडो केशव कर्वे. मालव्हर्न, जिनिव्हा, एल्सिनोर येथील शिक्षणविषयक परिषदांना उपस्थित राहावे, भारतीय स्त्रियांच्या शिक्षणाविषयी बोलावे, आपल्या विद्यापीठासाठी निधी जमवावा, असा तो कामाचा प्रवास होता. युरोप आणि अमेरिका करून ते जपानला गेले आणि तेथील महिला विद्यापीठ पाहून १९३० साली परतले.

या भेटीला पंधरा वर्षांची पार्श्वभूमी होती. १९१५ साली त्याच विद्यापीठाची माहितीपुस्तिका अण्णांनी वाचली होती आणि त्या वर्षाअखेर मुंबईच्या सामाजिक परिषदेत अध्यक्षपदावरून महिला विद्यापीठाची कल्पना मांडली होती. पुढच्याच वर्षी विद्यापीठ सुरू झाले. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्गात विद्यार्थिनी होत्या पाच. म्हणजे अण्णांनी जपानकडून घ्यायचे ते जपान पाहण्याच्या कितीतरी आधीच घेतले होते! हिंगण्याच्या माळावर विधवांसाठी झिजताना जो प्रश्न त्यांना छळत होता, त्याचे उत्तर त्या पुस्तिकेत दडलेले होते. प्रश्नच नसता, तर पुस्तिका रद्दीत गेली असती.

जपानी विद्यापीठाचे संस्थापक जिन्झो नारुसे यांची कथाही अशीच आहे. १८९० साली ते अमेरिकेला गेले, तेथील स्त्रीशिक्षण त्यांनी अभ्यासले, आणि मायदेशी परतून १९०१ साली टोकियोत संस्था काढली. अमेरिकेत पाहिलेले त्यांनी जपानच्या मातीत रुजवले. अण्णांनीही नक्कल केली नाही. जपानला एक भाषा पुरत होती. इथे मराठीबरोबर गुजरातीलाही शिक्षणाचे माध्यम म्हणून स्थान मिळाले. इंग्रजी आवश्यक विषय म्हणून राहिली, पण ज्ञान मातृभाषेतून द्यायचे, हा आग्रह सुटला नाही. पदव्यांची नावेसुद्धा ठेवली 'गृहीतागमा' आणि 'प्रदेयागमा'. या आग्रहाची किंमतही मोजावी लागली. विद्यापीठाला कायद्याने मान्यता मिळाली ती थेट १९५१ साली. तोवर या पदव्यांना सरकारदरबारी मोल नव्हते. तरीही अण्णा डगमगले नाहीत.

आजच्या बैठकीला अस्वस्थ करणारा प्रश्न इथेच उभा राहतो. जपानच्या शिस्तीचे गोडवे गाणारे आपण त्या देशाच्या प्रगतीमागची साधी गोष्ट सोयीस्करपणे विसरतो. तिथले मूल विज्ञान शिकते ते जपानीतून. अभियंता यंत्राचा आराखडा समजावून सांगतो तोही जपानीतून. पुण्यातला तरुण रात्रीचे वर्ग लावून ती भाषा शिकतो, कारण तिच्यात रोजगार आहे. त्यात गैर काहीच नाही, उलट ते कौतुकास्पदच आहे. परंतु परतल्यावर तो आपल्या लेकराचे नाव कोणत्या शाळेत घालतो? मातृभाषेच्या अभिमानावर सभा गाजवणाऱ्या घरांतली मुले तरी मराठी शाळेत किती दिसतात? पटाअभावी मराठी शाळांचे वर्ग ओस पडत असताना हा प्रश्न इतरांना विचारण्याआधी स्वतःच्या घरात विचारायला हवा. मुलांच्या भवितव्याची पालकांना वाटणारी काळजी खोटी नाही. मात्र मान्यता नसलेल्या विद्यापीठात मुलगी पाठवणाऱ्या १९१६ सालच्या पालकांची काळजी याहून कमी होती काय?

परदेशातील चांगले डोळे उघडे ठेवून पाहावे, मोकळ्या मनाने वाखाणावे. पण विमानात बसण्यापूर्वी आपल्या समाजाचा एखादा प्रश्न सामानात बांधून घ्यावा. तसा प्रश्न बरोबर असेल, तर प्रवासी हात हलवत परत येत नाही. नसेल, तर चॉकलेटे संपतात आणि छायाचित्रे कपाटात पडून राहतात.

अण्णांना १०४ वर्षांचे आयुष्य लाभले, १९५८ साली भारतरत्नही लाभले. पण त्यांच्या जपानवारीचे खरे संचित म्हणजे त्या विद्यापीठातून शिकून बाहेर पडलेल्या मुली. पुण्याच्या आजच्या प्रवाशांनी आपल्या वारीचा हिशेब याच मापाने मांडून पाहावा.