भाड्याचा भीम

डिसेंबर-जानेवारीत जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतील शाळांची स्नेहसंमेलने सुरू होतात आणि वेशभूषा स्पर्धेसाठी पालकांची धावपळ उडते. पूर्वी या स्पर्धेत बालशिवाजी, वासुदेव, भाजीवाली अशी पात्रे दिसत. आता त्यांच्या जोडीला दूरचित्रवाणीवरील डोरेमॉन, मोटू-पतलू आणि छोटा भीम आले आहेत. त्यावर नाक मुरडणाऱ्यांची संख्या मोठी आहे. जपानी मांजराऐवजी मुलाने मारुती व्हावे, ही अपेक्षा गैर नाही. २००५ साली ‘हनुमान’ हा चित्रपट आला, २००८ मध्ये हैदराबादेत घडलेला छोटा भीम घरोघरी पोहोचला, आणि आपल्या कथांनाही मुले दाद देतात हे सिद्ध झाले.

परंतु प्रश्न पात्रापाशी संपत नाही. तो भीम मंचर किंवा नारायणगावच्या बाजारातून भाड्याने आणलेल्या झुळझुळीत कृत्रिम कापडात उभा असेल, तर त्यात स्वदेशी ते काय उरले? मुलाने केले काय, तर दोन तास पोशाख अंगावर वागवला! शिवाय पश्चिम भागात हिरडा गोळा करून संसार चालवणाऱ्या आईला एका दिवसाच्या हौसेपायी मजुरी मोडावी लागते, हे स्पर्धेच्या परीक्षकांच्या ध्यानीही येत नाही.

वस्तुतः याच परिसरात सारे साहित्य हाताशी आहे. भीमाचे केशरी धोतर हवे ना? पळसाची वाळवलेली फुले उकळावीत, त्या पाण्यात आजोबांचे जुने धोतर बुडवावे, रंग उतरतो. हिरड्याच्या काढ्यात गंजलेल्या लोखंडाचे पाणी मिसळले की काळा रंग तयार होतो. त्यात तागाचे धागे भिजवून वाळवले की केसांचा टोप झाला. द्राक्षांच्या खोक्यांचा पुठ्ठा गदेच्या दांड्याला पुरतो. गदेचा गोळा रद्दी आणि कणकेची खळ यांचा. जुन्नरी कागद एके काळी मराठ्यांच्या दफ्तरांत नावाजलेला होता; त्या जुन्नरच्या मुलाला कागदाचा लगदा कसा करतात हे ठाऊक नसावे, याचे वैषम्य वाटले पाहिजे.

नारायणगाव ही तर विठाबाईंची, तमाशाची भूमी. तेथला सोंगाड्या खांद्यावरचे उपरणे डोक्याला गुंडाळून क्षणात पाटील होतो, तेच कमरेला बांधून शिपाई. त्याला कोणी पोशाखाचे भाडे मोजावयास लावले नाही.

शाळांनी येत्या संमेलनापासून एवढाच नियम करावा : पोशाख घरी केलेला असावा आणि तो कसा केला हे मुलाने रंगमंचावर स्वतः सांगावे. निम्मे गुण त्यालाच द्यावेत. मग एखाद्याने निळ्या जुन्या साडीचा डोरेमॉन शिवून आणला, तरी त्याला भाड्याच्या भीमाच्या वर बसवण्यास परीक्षकांनी कचरू नये.