ज्वालाग्राही द्रव्ये आणि आपल्या प्रयोगशाळा

रुग्णालयातील आगीविषयी बोलणे निघाले की अतिदक्षता विभाग डोळ्यांसमोर येतो, आणि ते साहजिकही आहे. ९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात १० बालके दगावली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातील अतिदक्षता विभागात आग लागून दहाहून अधिक रुग्ण मृत्युमुखी पडले. त्यानंतर ‘फायर ऑडिट’ हा शब्द सर्वांच्या तोंडी झाला. दवाखान्याला लागून असलेल्या दहा बाय बाराच्या प्रयोगशाळेचा विचार मात्र या चर्चेत फारसा झाला नाही. कमठाणा आणि बिदर परिसरातील आपणा वैद्यकीय व्यावसायिकांसमोर हाच विषय मांडावा असे वाटते.

अशा खोलीत काय असते ते आपण जाणतोच. रक्ताच्या काचपट्ट्या स्थिर करण्यासाठी मिथेनॉल, लिशमन रंगद्रव्यातही मिथेनॉल, ग्राम पद्धतीसाठी अ‍ॅसिटोन, ऊतींच्या तपासणीसाठी झायलीन आणि सर्वत्र लागणारे स्पिरिट. क्षयाच्या थुंकीतपासणीत तर काचपट्टी खालून तापवावी लागते. म्हणजे एकाच ओट्यावर पेटता दिवा आणि हातभर अंतरावर अल्कोहोलची बाटली.

ज्या किमान तापमानाला द्रवाची वाफ ठिणगी मिळताच पेटू शकते, त्याला फ्लॅश पॉइंट म्हणतात. मिथेनॉलचा तो सुमारे ११ अंश सेल्सिअस, अ‍ॅसिटोनचा शून्याखाली सुमारे २० अंश, तर झायलीनचा २५ ते ३० अंशांच्या दरम्यान आहे. थंड देशात झायलीन तुलनेने सौम्य मानले जात असेल. आपल्याकडे चैत्र-वैशाखात बंद शटरच्या आतील हवा या मर्यादेच्या कितीतरी वर असते. ही वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते, उंबऱ्याखालून शेजारच्या खोलीत जाते आणि तिथल्या स्टोव्हला किंवा विजेच्या ठिणगीला भेटते. मिथेनॉलची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसतच नाही. पेटलेल्या झायलीनवर पाणी ओतले तर ते पाण्यावर तरंगून आग अधिकच पसरवते. येथे कोरड्या पावडरचे किंवा कार्बन डायऑक्साइडचे अग्निशामक उपकरण हवे, पाण्याची बादली नव्हे.

आता कायद्याविषयी. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात सर्व द्रवरूप हायड्रोकार्बन येतात, म्हणून झायलीनही येते. परंतु त्याच्या वर्गातील द्रव्य २५०० लिटरपर्यंत परवान्याविना साठवता येते, आणि मिथेनॉल, अ‍ॅसिटोन तर हायड्रोकार्बनच नसल्याने या कायद्याच्या बाहेर राहतात. आपल्या साठ्याची मोजदाद करायला त्या कायद्याचा अधिकारी येणार नाही. पुष्कळांना यात सुटका वाटते. मला मात्र यात आपल्यावरच टाकलेली जबाबदारी दिसते. कारण परवाना न लागणे आणि धोका नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कागदोपत्री मंजुरी असूनही काय घडते, हे कोलकात्याच्या आमरी रुग्णालयाने ९ डिसेंबर २०११ रोजी दाखवून दिले. तळघर मंजूर होते वाहनतळासाठी आणि भरले होते ज्वालाग्राही सामानाने. धूर वरच्या मजल्यांवर चढला आणि सुमारे ९० जीव गेले, बहुतेक गुदमरून. आपल्याकडे तळघर नसते. जिन्याखालची जागा असते. रिकामे खोके, जुनी कागदपत्रे आणि स्पिरिटचा कॅन तेथे सुखाने एकत्र नांदतात, आणि बाहेर पडण्याची वाटही बहुधा तीच असते.

मोठा कॅन स्वस्त पडतो, हे मान्य. तरीही आठवड्याला पुरेल इतकेच द्रव्य लहान, घट्ट झाकणाच्या बाटल्यांतून खोलीत ठेवावे आणि उरलेला साठा पुरवठादाराकडेच राहू द्यावा. वापरलेले झायलीन मोरीत ओतू नये. अ‍ॅसिटोन किंवा ईथर घरगुती फ्रिजमध्ये तर मुळीच ठेवू नये. त्यातील थर्मोस्टॅट आणि दिव्याचे बटण ठिणगी टाकते आणि बंद कपाटात वाफ साठलेली असते. ‘लस ठेवतो तिथेच ठेवली’ हे उत्तर दोन्ही अंगांनी चुकीचे आहे.

एका गोष्टीकडे विशेष लक्ष वेधावेसे वाटते. बाटल्यांवरील सूचना इंग्रजीत असतात. सकाळी ओटा पुसणारी बाई कन्नड वाचते, संध्याकाळी शटर ओढणारा मुलगा मराठी, तर कोणी केवळ उर्दू. या सीमाभागात आपण रुग्णाशी तीन भाषांत बोलतो, मग इशाराही तीन भाषांत आणि ज्वालेच्या चित्रासह लिहिण्यास अडचण कोणती? आग लागली तर प्रथम सापडणार ती हीच माणसे, आपण नव्हे.

संघटनेने दरवर्षी फाल्गुनात, उन्हाळा चढण्यापूर्वी, सभासदांनी एकमेकांच्या प्रयोगशाळा पाहण्याचा उपक्रम ठेवावा. निरीक्षक म्हणून नव्हे, शेजारी म्हणून. मुख्य वीजबटण कोठे आहे, अग्निशामक उपकरणाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, ते वापरायला तेथील तंत्रज्ञाला येते का, आणि दुसरे दार उघडते की त्यापुढे कपाट उभे आहे, एवढे पाहायला अर्धा तास पुरतो. येत्या सर्वसाधारण सभेत दोन सभासदांनी ही जबाबदारी घेतली, तर पहिली भेट माझ्याच प्रयोगशाळेपासून सुरू करावी.