मध्यस्थाचें धैर्य

मध्यस्थ म्हणजे दोन्ही डगरींवर हात ठेवणारा, हा समज खरा नव्हे. १९३० सालीं आपल्या उपनगरांत विलेपार्ल्यास मिठाच्या सत्याग्रहाची छावणी होती, आणि गांधीजी येरवड्याच्या तुरुंगांत होते. बॅ. मुकुंदराव जयकर व सर तेजबहादुर सप्रू व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या संमतीनें तेथें गेले. नेहरू पितापुत्रांनाही नैनीहून आणविलें. बोलणीं फिसकटलीं. दोघांनीं पुन्हां खटपट केली. ५ मार्च १९३१ रोजीं गांधी-आयर्विन करार होऊन सत्याग्रही सुटले. त्या करारानें स्वराज्य मिळालें नाहीं. परंतु सत्ताधीशाला कालच्या कैद्याशीं बरोबरीनें बोलावें लागलें, हें थोडें नव्हे. लढणाऱ्याप्रमाणें निरोप्यालाही धैर्य लागतें. अपयशाचें खापर त्याच्याच माथीं फुटतें. विद्यार्थ्यांनो, न्याय न सोडतां तंटा मिटविण्याची विद्या शिका!