वणवा विझवायला आम्ही, हजेरीपटावर कोण?

शिमगा सरला की बोर्ली पंचतनपासून म्हसळ्याकडे कुठल्याही वाडीतून वर बघा, रात्री डोंगराला आगीची माळ लागलेली दिसते. दिवेआगरला आलेले पाहुणे तिचे फोटो काढतात. आपल्या वाडीत मात्र गार्ड येतो आणि एकाच दमात दोन गोष्टी बोलतो: "आग कोणी लावली? चला वर विझवायला." म्हंजे आरोपी पण आपण आणि मजूर पण आपण.

हे गार्डच्या तोंडचं नाही, कायद्यातलं आहे. 1927 च्या भारतीय वन कायद्याचं कलम 79 शिकल्यासवरल्या पोराकडून वाचून घ्या. जंगलात ज्याचा चराईचा, लाकूडफाट्याचा हक्क आहे त्यानं आग दिसली की कळवायचं, आणि कोणी बोलवो न बोलवो, विझवायला धावायचं. गेला नाही तर 1 महिन्यापर्यंत कैद, नाहीतर 200 रुपयांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. न जायला कारण होतं हे शाबीत करायचं तेही आपणच. मजुरीचा मात्र एक शब्द त्या कलमात नाही. वर कलम 26 म्हणतं, कोणी एकानं राखीव जंगलाला मुद्दाम आग लावली तर सरकार तिथले सगळ्यांचेच हक्क थांबवू शकतं. काडी एकाची, शिक्षा अख्ख्या वाडीला. इंग्रज गेला, त्याची वेठ राहिली.

आगीचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून. त्याआधी जाळरेषा काढायच्या: पट्ट्यातलं गवत कापायचं, वाळलं की माणसं उभी करून जाळायचं, म्हंजे पुढं येणारा वणवा तिथं अडतो. ह्या कामाला आणि पहाऱ्याला हंगामी माणसं लागतात. ती घ्यायची रीत काय? जाहिरात नाही, अर्ज नाही, हातात कागद नाही. "उद्यापासून ये" एवढी तोंडची भरती. तोंडानं घेतलेला माणूस तोंडानंच निघतो, आणि पैसे अडले तर दाखवायला त्याच्याकडं काही नसतं.

आता खरी मेख बघा. दिवाळी झाली की आपली माणसं उचल घेऊन वीटभट्टीवर, कोळशाच्या भट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परत येतात. म्हंजे डोंगर पेटतो तेव्हा वाडीत म्हातारे, लेकरं आणि कुत्री. ज्याला पाऊलवाट ठाऊक आहे तो माणूस कुठंतरी परमुलखात विटा थापतोय. जाळरेषेचं आणि पहाऱ्याचं काम दिवाळीआधी ठरलं, कागदावर आलं, मजुरी पंधरवड्याला हातात पडली, तर कितीतरी घरं उचलच घेणार नाहीत. लेकरांची शाळा सुटणार नाही. जंगल आणि माणूस दोन्ही वाचवायचा हा साधा उपाय आहे, पण तो फेब्रुवारीत सुचून काय उपयोग?

काम सोपं आहे असं कोणी समजू नये. आग चढणीला धावते, माणसाचे पाय तेवढे धावत नाहीत. दुपारी समुद्राचा वारा सुटला की तिच्या तोंडावर जायचं नसतं. मागून, कडेकडेनं ओल्या फांदीनं झोडपत जायचं. करवंदीची जाळी पेटली की जवळ उभं राहवत नाही. वरचे दगड सुटतात, रात्री ते दिसत पण नाहीत. आता उपग्रहावरून आगीचा मेसेज मोबाईलवर येतो, चांगलं आहे. पण मेसेज झोडपा घेऊन वर चढत नाही. एप्रिल 2021 मध्ये गोंदिया-भंडाऱ्याकडं नागझिरा अभयारण्यात वणवा विझवताना 3 हंगामी मजूर होरपळून मेले. 1923 चा कामगार भरपाईचा कायदा 2025 पर्यंत लागू होता, त्याच्या यादीत जंगलाची आग विझवणं हे काम चक्क लिहिलेलं होतं. पण भरपाई मागायला आधी तू कामावर होतास हे दिसावं लागतं. त्यासाठी हजेरीपट हवा.

कायम होण्याचं स्वप्न दाखवणारेही भेटतात. 1996 च्या शासन निर्णयानं वनमजूर कायम केले, अट काय? 5 वर्षं, दरवर्षी 240 दिवस. आगीचा अख्खा हंगाम भरला तरी 121 दिवस होतात. करा हिशेब.

"आदिवासीच जंगल जाळतो" हे ऐकून कान किटले. राब भाजणारा आपली कड साफ करून, वारा बघून भाजतो. त्याला बदनाम करून दळीच्या जमिनीचा दावा फेटाळायचा डाव ओळखा. फार्महाऊससाठी घेतलेला डोंगर साफ करायला कोण काडी लावतो, ते कोणी विचारत नाही. मात्र सशा-डुकरासाठी गवत पेटवणारा आपल्यातला असेल तर त्याला ग्रामसभेत उभा करा, झाकू नका.

2006 च्या वनहक्क कायद्याचं कलम 5 जंगल राखायचा अधिकार ग्रामसभेला देतं, आणि नियम 4 प्रमाणं ग्रामसभा त्यासाठी आपली समिती नेमते. चंद्रपूरच्या पाचगावनं सामूहिक हक्क मिळाल्यावर तेंदूपानाचं उत्पन्नच सोडलं, कारण पानासाठी झाडं छाटली जातात आणि जंगल पेटवलं जातं. राखण करायला कोणी त्यांना शिकवावं लागलं नाही. मग आगीचे पहारेकरी कोण हे ग्रामसभेनं ठरवावं, आणि सरकारनं त्यांना किमान वेतन द्यावं. किमान वेतनापेक्षा कमी देऊन राबवणं ही वेठच, असं सुप्रीम कोर्टानं 1982 सालीच आशियाई खेळांच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सांगितलंय.

तेव्हा दसऱ्याच्या आत प्रत्येक वाडीनं ठराव करावा: जाळरेषा कुठून कुठं, माणसं किती, नावं कोणती. एक प्रत परिक्षेत्र अधिकाऱ्याला द्यायची, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यायची. नेमणुकीचा कागद, बूट, पाण्याचे कॅन, रात्रीच्या कामाची वेगळी मजुरी आणि विमा हे ठरावातच लिहा. आणि आग मध्यरात्री लागली तरी वर चढायच्या आधी वहीत नावं आणि वेळ लिहून त्यावर गार्डची सही घ्या. हंडे घेऊन वर पाणी पोचवणाऱ्या बायांची नावं त्यात पहिली.