पॅकेज मागे येते, डेटा येत नाही

जालन्याचे जिल्हा न्यायालय असो की अंबड-भोकरदनचे, तिथल्या खटल्यांच्या नोंदी आज ज्या सीआयएस प्रणालीत होतात ती पुण्याच्या एनआयसीने घडवली आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने देशभरच्या न्यायालयांसाठी मुक्त सॉफ्टवेअरचा मार्ग धरला आणि त्याबरोबर उबुंटू तालुक्यापर्यंत पोचले. महानगरातल्या डेटा सेंटरमध्ये अपग्रेड फसले तर सल्ल्याला चार माणसे असतात. तालुक्याच्या गावी देखभाल करणारा बहुधा एकटाच असतो, आणि कामकाज सुरू व्हायच्या आत त्याला यंत्रणा उभी करून द्यायची असते. रोलबॅकचा विचार त्याच्या बाजूने व्हायला हवा.

रेड हॅट-फेडोराचा पॅकेज व्यवस्थापक डीएनएफ प्रत्येक व्यवहाराला क्रमांक देतो आणि 'हिस्ट्री अनडू'ने तो उलटवता येतो. (तरी संपूर्ण प्रणाली या वाटेने आधीच्या उपआवृत्तीवर नेण्याला आपला पाठिंबा नाही, असे रेड हॅट स्वतःच बजावते.) डेबियन-उबुंटूच्या एपीटीत अशी सोय अगदी अलीकडे येऊ लागली आहे, कार्यालयांतल्या जुन्या उबुंटूत ती नाही. तिथे एपीटीची हिस्ट्री लॉग उघडायची, कोणते पॅकेज कुठून कुठे गेले ते पाहायचे आणि जुना आवृत्ती क्रमांक देऊन ते पुन्हा बसवायचे. मात्र ते जुने पॅकेज हाताशी हवे, आणि घात इथेच होतो. 'एपीटी-गेट' उतरवलेली पॅकेजे कॅशमध्ये ठेवते. 'एपीटी' ही आज्ञा 2016 पासून इन्स्टॉलेशन यशस्वी होताच ती पुसते. उबुंटूच्या अपडेट भांडारातही फक्त ताजी आवृत्ती राहते. काल सुरळीत चाललेली मधली आवृत्ती म्हणून दोन्हीकडे सापडत नाही.

मागे येणे वितरकांनाही सोपे नसते. मार्च 2024 मध्ये अभियंते आंद्रेस फ्रॉइंड यांना एक्सझेड या कॉम्प्रेशन साधनाच्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांत दडवलेला चोरदरवाजा सापडला. डेबियनने माघार घेतली, पण पॅकेज व्यवस्थापक मोठ्या क्रमांकालाच अपग्रेड मानतो. म्हणून जुना 5.4.5 '5.6.1+रिअली5.4.5' असा क्रमांक लावून पाठवावा लागला.

ही सगळी झाली फायलींची गोष्ट. डेटाबेसचे काय? पोस्टग्रेएसक्यूएलची मुख्य आवृत्ती बदलली की जुना सर्व्हर नव्या डेटा डिरेक्टरीवर सुरूच होत नाही. ओपनसूसेचे स्नॅपर अपग्रेडच्या आधी आणि नंतर स्नॅपशॉट घेते, बूट मेनूतून मागे जाता येते. पण 'वार' डिरेक्टरी त्यातून मुद्दाम वगळलेली असते, आणि डेटाबेस तिथेच राहतो. वगळली हे बरेच, नाहीतर प्रणालीबरोबर लोकांच्या नोंदीही मागे गेल्या असत्या. निक्सओएसमध्ये जुनी पिढी एका आज्ञेत परत येते, तिथेही डेटा आपल्या जागीच राहतो.

डेबियन-उबुंटूतले 'पीजी-अपग्रेडक्लस्टर' जुना क्लस्टर जपून ठेवते, हे वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल. तो आठवडाभर तरी पुसू नका. तरीही अपग्रेडनंतर पहिली नवी नोंद पडली की त्या क्लस्टरची किंमत झपाट्याने घटते. दुपारपर्यंत दाखल झालेले अर्ज नव्या डेटाबेसमध्ये असतात, जुन्यात नसतात. म्हणून 'अडचण आली तर बघू' हे धोरण मला धोकादायक वाटते. मागे यायचे की नाही हा निर्णय पहिली नोंद पडण्याआधी झाला पाहिजे. त्यासाठी चाचणीची यादी लिहिलेली हवी, डंप घेतलेला हवा आणि तो दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहिलेला हवा. ज्या पॅकेजला हात लावायचा नाही त्यावर 'होल्ड' लावा. कर्नलच्या बाबतीत ग्रबमध्ये जुनी नोंद शिल्लक आहे ना, ते आधी पाहा.

ई-न्यायालयांच्या तिसऱ्या टप्प्याला सप्टेंबर 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने 7,210 कोटी रुपये मंजूर केले. एवढ्या खर्चात प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी पॅकेजांचे स्थानिक भांडार ठेवणे अवघड नाही. त्यात निदान वर्षभरातल्या आवृत्त्या राहाव्यात, म्हणजे मंठा किंवा जाफराबादच्या माणसाला मंद इंटरनेटवर जुने पॅकेज धुंडाळावे लागणार नाही. देखभालीच्या करारात अपग्रेडसाठी वेळ लिहिलेला असतो. रोलबॅकच्या तालमीसाठी तो वेगळा लिहून मागा. करार नूतनीकरणाला येईल तेव्हा हे कलम मसुद्यात घालण्याचे काम आपल्यालाच करावे लागेल, कारण ते लेखा विभागाला सुचणार नाही.