ईसीजी निर्दोष, म्हणून हृदय निर्दोष?

धाप, थकवा, पायांवरची सूज ही ‘हार्ट फेल्युअर’ची लक्षणे, पण ती फुप्फुसांच्या विकारात वा रक्तक्षयातही दिसतात. अशा वेळी अल्प खर्चाचा ईसीजी हा डॉक्टरांचा पहिला आधार ठरतो. मात्र, त्याच्या मर्यादा विसरून चालणार नाही. जुन्या झटक्याच्या खुणा, अनियमित ठोके, विद्युतवहनातील अडथळे हा आलेख दाखवतो. हृदय रक्त किती जोमाने ढकलते, हे दाखवत नाही. आलेख पूर्णतः सामान्य असेल, तर हार्ट फेल्युअरची शक्यता घटते, संपत नाही. म्हणूनच युरोपीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत ईसीजीच्या जोडीला ‘एनटी-प्रोबीएनपी’ ही रक्तचाचणी आणि इकोकार्डिओग्राफी सांगितली आहे. मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ईसीजीवरूनच दुर्बल हृदय ओळखणारी संगणकप्रणाली मांडली. हे तंत्र आश्वासक असले, तरी त्याचे काम संशयित रुग्ण हेरण्याचे. अंतिम निदान इकोनेच व्हायचे. इकोची सोय दूरच्या शहरात असलेल्या रुग्णासाठी हा भेद जीवनमरणाचा आहे. ‘ईसीजी नॉर्मल’ या शेऱ्यावर धाप लागलेल्या रुग्णाला घरी धाडणे हे निदान नव्हे, तो केवळ विलंब होय.