नकली घड्याळांची उतरंड

रोलेक्स सबमरीनरच्या नकला जमवून त्यांची तुलना करणारे छंदिष्ट म्हणतात, "आम्ही श्रीमंतांची मिरासदारी मोडतो." आम्हाला हे पटत नाही. तारखेवरचं भिंग अडीच पट मोठं दाखवतं का, कड्यावरचे आकडे अस्सलइतके रेखीव आहेत का, सगळी मोजपट्टी त्या ब्रँडचीच! वर 'सुपर क्लोन'वाला फुटपाथवरच्या क्वार्ट्झवाल्याला हसतो. बाबासाहेबांनी दाखवलेली श्रेणीबद्ध विषमता याहून वेगळी काय असते? प्रत्येकाला खाली बघायला कुणीतरी हवंच.

दुसऱ्याकडून शिकण्याला आमचा विरोध नाही. (आतलं यंत्र बिचारं प्रामाणिकच असतं, खोटं बोलते ती तबकडी.) चीनमधल्या तिआनजिनच्या कारखान्याने १९६१ मध्ये स्विस व्हीनसची यंत्रसामग्री विकत घेऊन क्रोनोग्राफ घडवला, आज तो सीगल या स्वतःच्या नावाने विकला जातो. त्याच वर्षी एचएमटीने सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरात घड्याळं सुरू केली. त्यांच्या चावीच्या घड्याळाचं नाव 'जनता', बाबासाहेबांच्या पत्राचंही तेच!

जमवायचीच तर ही जमवा. फक्त घेताना तबकडी नीट बघा. नव्याने रंगवलेल्या 'जनता'ही बाजारात भरपूर आहेत.